रिकाम्या पुंगळीची पारख

पिस्तुलाचें काडतूस चार वस्तूंचें बनतें: पुढची गोळी, आंतली दारू, तळाशीं ठिणगी देणारी टोपी, आणि या तिन्ही एकत्र धरणारी पितळेची पुंगळी. बार उडाला कीं गोळी निघून जाते, दारू जळते, टोपी खर्चीं पडते. पुंगळी तेवढी मागें उरते. अमेरिकेंत नेमबाजीचा नाद असलेले पुष्कळ लोक अशा पुंगळ्या वेंचतात आणि नवी टोपी, दारू व गोळी बसवून पुन्हां वापरतात. यांतील काटकसर उघड आहे. परंतु ती सुखाची होईल कीं घाताची, हें दारू भरण्याच्या आधींच, पुंगळ्या पारखतांना ठरतें.

या पितळेंत शेंकडा ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असतें. नऊ मिलिमीटरच्या काडतुसांत बार होतांना दर चौरस इंचास ३५,००० पौंडांपर्यंत दाब मान्य केलेला आहे. त्या दाबानें पुंगळी फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते व तापलेला वायु मागें, नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच ती किंचित् आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. पण या प्रत्येक फुगण्यानें, आणि मागाहून साच्यांत दाबून मूळ मापावर आणण्यानें, धातु अधिकाधिक कडक होत जातो. शेवटीं पुंगळीचें तोंड उभें तडकतें.

पारखण्याचें पहिलें काम निवडण्याचें. वेंचलेल्या ढिगांत एखादें न उडालेलें काडतूसही सांपडतें. तें प्रथम दूर ठेवावें लागतें. पोलादी पुंगळ्या लोहचुंबकानें वेगळ्या होतात. मग मापें पाहावयाचीं. नऊ मिलिमीटरच्या नेहमींच्या पुंगळीची लांबी सुमारें १९ मिलिमीटर, तर तिच्यासारख्याच दिसणाऱ्या ‘३८०’ ची सुमारें १७; घाईंत एक दुसरींत सहज मिसळते. ‘४५’ च्या पुंगळ्यांत टोपीचा खळगा कांहींचा मोठा, तर कांहींचा लहान असतो. तळाच्या आंत डोकावलें असतां मधोमध एक छिद्र दिसलें, तर ती इंग्रज अधिकारी बॉक्सर याच्या पद्धतीची. दोन बारीक छिद्रें दिसलीं, तर अमेरिकन बर्डन याच्या पद्धतीची. दोन्ही पद्धती १८६६ च्या सुमाराच्या. मौज अशी कीं, इंग्रजाची पद्धत अमेरिकेंत रुजली आणि अमेरिकनाची युरोपांत. बर्डनच्या पुंगळींत जुनी टोपी काढण्याची सुई घातली, तर सुईच मोडते.

दुसरें काम दोष शोधण्याचें. बाजारांत मडकें घेतांना गृहिणी तें वाजवून पाहते; तीच युक्ति येथें चालते. मूठभर पुंगळ्या हातांत खुळखुळविल्या असतां धड पुंगळ्यांचा नाद खणखणीत येतो, तडकलेलीचा बद्द. त्यानंतर एकेक पुंगळी उजेडांत फिरवून तोंडाची चीर, तळाजवळचा फुगवटा आणि टोपीभोंवतालचा काळा डाग पाहतात. नवी टोपी सैल बसली, तर तो खळगा वाजवीपेक्षां रुंदावला असें समजून पुंगळी बाद करतात.

पितळेच्या एका रोगाचा उलगडा हिंदुस्थानच्या पावसाळ्यानें झाला. इंग्रजी फौजेचीं काडतुसें पावसाळ्यांत घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलीं जात, आणि उघडीप झाल्यावर त्यांतलीं पुष्कळ आपोआप तडकलेलीं आढळत. घोड्यांच्या मूत्रापासून सुटणारा अमोनिया आणि घडणीच्या वेळीं धातूंत राहिलेला ताण या दोहोंचा हा परिणाम, असें १९२१ सालीं सिद्ध झालें. म्हणूनच अमोनिया असलेल्या द्रवानें पुंगळ्या घासणें वर्ज्य मानतात. त्या चकचकीत होतील, पण आंतून दुबळ्या पडतील.

टोप्यांच्या मसाल्यांत बहुधा शिसें असतें, त्यामुळें पुंगळ्यांवरील धूळ विषारी असते. हें काम आटोपल्यावर हात धुतल्यावांचून अन्नास शिवूं नये. भारतांत तर शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणें परवान्यावांचून काडतुसें तयार करणें हा गुन्हाच आहे.

जेथें हा उद्योग कायदेशीर आहे, तेथील जाणते लोक एक नियम कटाक्षानें पाळतात. जिच्याविषयीं शंका आली, ती पुंगळी पक्कडीनें चेपून मोडींत टाकावयाची, म्हणजे ती चुकून पुन्हां ढिगांत येत नाहीं. एका पुंगळीची किंमत ती काय! ती वांचविण्यासाठीं डोळा किंवा बोट गमावणें याला कोणी काटकसर म्हणणार नाहीं. पितळ उघडें पडावयाचें तें मेजावर पडावें, हातांत नव्हे.