हातात करवंटी आली? मग चैनच आहे तुमची!

माहीत आहे का? अख्ख्या पृथ्वीला एकटा गोल धरून कपॅसिटर मानलं, तर तिची चार्ज साठवायची क्षमता भरते जेमतेम ०.०००७ फॅरड. बोटाच्या पेराएवढा १ फॅरडचा सुपरकपॅसिटर तिच्या तब्बल १४०० पट भारी! मूर्ती लहान... पुढचं तुम्हीच म्हणा.

एवढा चार्ज बसतो कुठे? भोकांत! सुपरकपॅसिटरच्या पोटात असतो अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, बऱ्याचदा नारळाच्या करवंटीपासून केलेला. एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती पसरल्या, तर साधारण १६०० चौरस मीटर. म्हणजे कबड्डीची बारा मैदानं, चिमूटभर पुडीत!

कोळसा उगाळावा तितका काळाच? अहो, उगाळतंय कोण? पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ८०० अंशांच्या आसपास भाजा. ते कार्बन कुरतडत जातं, नवी छिद्रं पडत जातात. वर थोडा नायट्रोजन मुरवला की क्षमता आणखी वाढते.

आता खरा ट्विस्ट. छिद्रांत भरलेल्या द्रावणातला आयन, म्हणजे चार्ज असलेला कण, कधी एकटा फिरत नाही, द्रावकाच्या रेणूंचा लवाजमा घेऊन हिंडतो. तेव्हा छिद्रं ऐसपैसच हवीत, असं सगळे धरून चालले होते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या आणि फ्रान्सच्या तुलूझमधल्या मंडळींनी टायटॅनियम कार्बाइडपासून केलेला कार्बन तपासला. छिद्रं १ नॅनोमीटरच्या खाली गेली आणि क्षमता घसरायची सोडून उसळली! आयन लवाजमा दाराशी सोडून आत शिरत होते, भिंतीला अगदी खेटून. अंतर कमी, चार्ज जास्त.

डीव्हीडी रायटर आठवतो? २०१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये डिस्कवर ग्राफाइट ऑक्साइडचा थर दिला आणि ती लाइटस्क्राइब ड्राइव्हमध्ये सरकवली. डिस्कवर नावं कोरणारा लेसर फिरला, तपकिरी थर काळा पडला. सुपरकपॅसिटरसाठी ग्राफीनचं, म्हणजे कार्बनच्याच पातळ थरांचं, इलेक्ट्रोड तय्यार!

काजळीलाही भाव आलाय. सिमेंट, पाणी आणि काजळी कालवून एमआयटीने २०२३ मध्ये सुपरकपॅसिटर केला. ४५ घनमीटरच्या ठोकळ्यात १० युनिट वीज मावेल, असा हिशेब. २०२५ मध्ये तोच आकडा ५ घनमीटरवर! बिल्डरांनो, ऐकताय ना?

फुशारकी पुरे. वजनाला वजन धरलं तर लिथियम बॅटरी कितीतरी पट जास्त वीज साठवते. पण काही सेकंदांत चार्ज आणि लाखो फेऱ्यांची उमर? तिथे बॅटरी गार! एअरबस ए३८० चे दरवाजे आणीबाणीत उघडायला उगाच सुपरकपॅसिटर नाही ठेवले.

आणि हे माहीत आहे का? सच्छिद्र कार्बनच्या कपॅसिटरचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या बेकर यांना १९५७ मध्ये मिळालं. आत नेमकं काय घडतं ते ठाऊक नाही, असं त्या पेटंटमध्येच लिहिलेलं आहे. तरी मिळालं!