नसांच्या दुखण्याची गोळी : पट्टीवर काय छापले आहे आणि चाचण्या काय सांगतात

रात्री पाठ टेकली की तळपाय जळू लागतात, मुंग्या येतात, कोणी सुया टोचाव्यात तसे होते, पायाला चादर लागलेलीही सोसत नाही. ही तक्रार आज पुण्यातील आपल्या वस्त्यांतून घरोघर ऐकू येते. ताडीवाला रोड असो, दांडेकर पूल असो की येरवडा, ज्या घरात जुना मधुमेह आहे त्या घराला हे दुखणे नवे नाही. मग शेजारी सांगतात, "आमच्या मेव्हण्यांना अमुक गोळीने गुण आला." मेडिकलमधून पट्टीच्या चार गोळ्या कापून येतात आणि इलाज सुरू होतो.

ह्या गोळीत बहुधा प्रेगाबालिन नावाचे औषध असते. औषध चांगले की वाईट, असा निवाडा आम्ही येथे करणार नाही. ते कोणाला लागू पडते, किती जणांना पडते आणि कोणी जपून राहावे, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे एवढ्यासाठी हा लेख.

बाबासाहेबांनाही हेच दुखणे

१९४८ साली घटनेच्या मसुद्याचे ओझे खांद्यावर असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेहाने जर्जर झाले होते. पायांच्या नसांच्या वेदनेने त्यांना रात्र रात्र झोप नसे. इन्शुलिन चालू होते. उपचारासाठी ते मुंबईला येत, आणि त्यांची प्रकृती सांभाळणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशीच १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. त्या काळी नसांच्या वेदनेवर आजच्यासारखी औषधे नव्हती. आज ती आहेत. मात्र औषध हाती असणे वेगळे आणि ते समजून घेणे वेगळे.

आधी पट्टी वाचा

पट्टीच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ एवढाच, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकू नये आणि आपण घेऊ नये. पट्टीवर कंपनीने ठेवलेले नाव एक असते आणि औषधाचे मूळ नाव दुसरे. मूळ नाव अधिक मोठ्या अक्षरांत छापावे असा नियम २०१८ पासून आहे, काही मिश्रणांना त्यातून सूट आहे. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या दिल्या आणि दोन्हींत प्रेगाबालिनच निघाले, तर नकळत दुप्पट औषध पोटात जाते. म्हणून मूळ नाव आणि पुढचा मिलिग्रॅमचा आकडा वाचावा. घरातील शिकणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्यावा.

पुष्कळ गोळ्यांत प्रेगाबालिनच्या जोडीला मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व असते. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने काहींच्या शरीरात बी-१२ कमी पडते आणि त्यानेही पायाला मुंग्या येतात. अशा रुग्णाला नुसते जीवनसत्त्वही पुरेल, पण ते रक्त तपासल्यावरच कळते.

गोळ्या कापून घेताना औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच तुकड्यावर राहून जाते. शक्य तर पूर्ण पट्टी घ्यावी. ते परवडत नसेल तर दुकानदाराकडून बिल मागून घ्यावे. त्यावर नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असते.

शंभरात किती जणांना गुण?

नवे औषध तपासताना रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला खरी गोळी देतात, दुसऱ्याला दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णाला कळू देत नाहीत, कारण "औषध घेतले" ह्या भावनेनेही माणसाला थोडे बरे वाटते. दोन गटांत जो फरक उरतो तोच औषधाचा खरा गुण.

प्रेगाबालिनच्या अशा ४५ चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन ह्या संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे १२,००० रुग्ण होते. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेत, रोज ३०० मिलिग्रॅम औषधाने १०० पैकी ३२ जणांची वेदना निम्म्याने तरी उतरली. औषध नसलेल्या गोळीने तेवढाच आराम १३ जणांना पडला. मधुमेहाच्या वेदनेत ह्याच मात्रेला हे आकडे ३१ आणि २४ असे होते, म्हणजे फरक थोडा. ६०० मिलिग्रॅमला तो ४१ आणि २८ झाला, पण मात्रा वाढली की त्रासही वाढतो.

ह्याचा अर्थ आम्ही असा घेतो : काहींना हे औषध खरोखर झोप मिळवून देते, पण बहुतेकांची वेदना निम्म्यानेही उतरत नाही. काही आठवडे योग्य मात्रेत घेऊनही फरक नसेल तर दोष रुग्णाचा नाही. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

कंबरेतून पायात उतरणाऱ्या सायटिकेची गोष्ट आणखी वेगळी. हमाली, बांधकाम, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना हे दुखणे फार. ऑस्ट्रेलियात २०९ सायटिका रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला. प्रेगाबालिनने पायाची वेदना कमी झाली नाही, चक्कर मात्र वाढली. शेजाऱ्याच्या मधुमेहाच्या पायाला जी गोळी लागू पडली, ती आपल्या सायटिकेला पडेलच असे नाही, ते ह्यामुळे.

आकडे लपवले जातात तेव्हा

ह्याच जातीचे थोरले औषध गॅबापेन्टिन. अमेरिकेत ते मंजुरी नसलेल्या दुखण्यांसाठीही खपवले, म्हणून त्याच्या कंपनीला २००४ साली गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरावे लागले. ही लबाडी उघडी केली कंपनीत काम केलेल्या डेव्हिड फ्रँकलिन ह्या शास्त्रज्ञाने. पुढे २००९ साली संशोधकांनी कंपनीची आतली कागदपत्रे तपासली. प्रसिद्ध झालेल्या १२ चाचण्यांपैकी ८ मध्ये यशाचा मुख्य निकष आधी ठरवलेला एक आणि छापलेला दुसराच होता. त्याच वर्षी फायझर कंपनीने २३० कोटी डॉलर देऊन जे मोठे प्रकरण मिटवले, त्यात प्रेगाबालिनच्या अशाच जाहिरातबाजीचा आरोपही होता.

आपल्या देशात १५ जून २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे आणि ती नोंद कोणालाही पाहता येते. उद्या आपल्या माणसाला एखाद्या रुग्णालयात "चाचणीत सामील व्हा" असे सांगितले, तर समजेल त्या भाषेत माहिती मागावी, संमतिपत्राची प्रत घरी आणावी, नोंदणी क्रमांक विचारावा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. न वाचता अंगठा उठवू नये.

हातावर पोट असणाऱ्यांनी जपावे

ह्या गोळीने पेंग येते, डोके गरगरते, नजर अंधूक होते. मधुमेहाच्या चाचण्यांत ३०० मिलिग्रॅमला १०० पैकी १३ जणांना चक्कर आली, औषध नसलेल्या गोळीने सुमारे ४ जणांना. घरी बसणाऱ्याला हे चालून जाईल. परांचीवर चढणाऱ्या गवंड्याला, रिक्षा चालवणाऱ्याला, रात्री उठून जिना उतरणाऱ्या आजीला ते जिवावर बेतू शकते. म्हणून आपण काम काय करतो हे डॉक्टरांना आधी सांगावे.

दारूबरोबर ही गोळी कदापि घेऊ नये. ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असल्यास श्वास मंदावण्याचा धोका आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये हा इशारा दिला. वृद्धांनी आणि दम्यासारखा फुफ्फुसाचा विकार असणाऱ्यांनी विशेष जपावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. गरोदर किंवा मूल हवे असलेल्या भगिनीने तसे सांगावे. पायाला सूज आली, वजन भराभर वाढले, मन उदास होऊन जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गोळी एकाएकी बंदही करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान आठवडाभरात हळूहळू कमी करावी. तिची सवय लागते. ब्रिटनने २०१९ साली तिच्यावर कडक निर्बंध घातले ते ह्याच कारणाने. घरातील तरुण मुलांच्या हाती पट्टी पडणार नाही हेही पाहावे.

ससूनला जा, महापालिकेच्या दवाखान्यात जा की गल्लीतल्या डॉक्टरांकडे, चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझे दुखणे नसांचेच आहे का? ही गोळी त्या दुखण्यावर तपासलेली आहे का? किती दिवसांत फरक दिसावा? नाही दिसला तर बंद कशी करायची? रांग मोठी असते, डॉक्टर घाईत असतात, हे आम्ही जाणतो. तरीही विचारावे. गोळी आपल्या पोटात जाणार आहे आणि पैसे आपल्या घामाचे आहेत.