उपासना मोबाईलवर, पण सोबत कुणाची?

दुबईत नवीन आलेल्या माणसाचं पहिलं वर्ष नोकरी, खोली आणि व्हिसा यांतच जातं. तो वसईकडचा किंवा नगरकडचा ख्रिस्ती असेल, तर चर्चला जाणं हळूहळू मागे पडतं. गावी रविवारी घरातलं कुणीतरी हाक मारून उठवायचं, इथे कोण उठवणार? मग मोबाईलवर गावच्या चर्चची उपासना लावायची आणि एकीकडे भाजी चिरायची. देव तिथेही आपलं ऐकतो, यात शंका नाही. पण आपण चार रविवार दिसलो नाही, तर विचारणारं कुणी उरत नाही.

'सहभागिता' हा शब्द आपण चर्चमध्ये सारखा वापरतो. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'कोइनोनिया', म्हणजे एकमेकांचे वाटेकरी होणं. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिल्या मंडळीची ओळख चार गोष्टींनी होते: शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना. यातलं शिक्षण आज यूट्यूबवर मिळतं, प्रार्थना एकट्यानेही होते. भाकर मोडायला मात्र समोर दुसरं माणूस लागतंच.

आपल्या नारायण वामन टिळकांनी हे ओळखलं होतं. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईही सोबत नव्हत्या. त्या काही वर्षांनी आल्या. एकटेपण म्हणजे काय, हे टिळकांना ठाऊक होतं. पुढे १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी.

इथे दुबईत सोय नाही असं नाही. ऊद मेथा भागात सेंट मेरीज कॅथलिक चर्च आहे, होली ट्रिनिटी आहे. होली ट्रिनिटीच्या आवारात वेगवेगळ्या भाषांच्या मंडळ्या वेळ वाटून घेऊन उपासना करतात. २०२२ पासून इथे शनिवार-रविवार सुट्टी असल्याने अनेकांना रविवारही मोकळा मिळतो. पण मोठ्या गर्दीत मागच्या बाकावर बसून निघून आलं, तर ती फक्त हजेरी. आणि उपासनेनंतर नुसती बिर्याणी आणि गप्पा झाल्या, तर ते मित्रमंडळ. त्यातही आनंद आहेच, पण विश्वास वाढायला आणखी काही लागतं.

खोलीत एकटे असताना आपण सगळेच शांत आणि क्षमाशील असतो! न पटणारा माणूस शेजारच्या खुर्चीत येऊन बसला, की क्षमा खरोखर शिकावी लागते. नोकरी गेली तर काळजी नको म्हणून आपण गावी सांगत नाही. अशा वेळी आपल्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणारी पाच-सहा माणसं जवळ असली, की मान खाली घालावी लागत नाही. उद्या त्यांच्यावर वेळ आली, की आपण उभं राहायचं. वाढ होते ती अशी, देण्याघेण्यातून.

म्हणून गावाकडच्या आई-बाबांना एक विनंती. पुढच्या फोनवर "चर्चला गेलास का?" एवढंच विचारू नका. "तुझ्या शेजारी कोण बसतं रे?" हेही विचारा.