परवान्याविना गुप्त शस्त्रवहन

भरलेले पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर कपड्यांखाली किंवा पिशवीत, इतरांच्या नजरेस पडणार नाही अशा रीतीने, शासनाचा परवाना न घेता सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगण्याची मुभा देणारी कायदेपद्धती. ती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) विकसित झाली. तेथे शस्त्रवहनाचे नियमन प्रामुख्याने घटक राज्यांकडे असल्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत असा परवाना न मागणारे राज्य म्हणून एकट्या व्हरमाँटचा निर्देश होत असे. २०२४ च्या अखेरीस ५० पैकी २९ राज्ये या वर्गात मोडत होती. शस्त्रहक्काचे पुरस्कर्ते या पद्धतीला ‘संविधानसिद्ध शस्त्रवहन’ म्हणतात. हक्क संविधानाने दिलेला असल्यामुळे त्यासाठी शासनाची अनुज्ञा लागत नाही, असा या नावातील आशय आहे. पूर्वी तिला ‘व्हरमाँट पद्धती’ असेही म्हणत.

या कायद्यांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. त्यांनी परवाना रद्द होतो. अपात्रता रद्द होत नाही. १९६८ च्या संघीय बंदूक नियंत्रण अधिनियमान्वये गंभीर गुन्ह्यासाठी दोषी ठरलेली व्यक्ती, फरारी आरोपी, अमली पदार्थांच्या व्यसनी व्यक्ती, न्यायालयाने मनोविकृत ठरविलेली व्यक्ती इत्यादींना बंदूक जवळ ठेवण्यासच बंदी आहे आणि कोणत्याही राज्याला ती उठविता येत नाही. कामासाठी वा शिक्षणासाठी तात्पुरत्या प्रवेशपत्रावर अ. सं. सं.त राहणाऱ्या परदेशी व्यक्तींवरही, शिकारीचा परवाना असल्यासारखे थोडे अपवाद वगळता, हीच बंदी आहे. त्यामुळे टेक्ससमध्ये नोकरी करणाऱ्या पण स्थायी निवासाचा हक्क न मिळालेल्या भारतीयाला तेथील परवानामुक्त कायद्याचा काहीच लाभ होत नाही. पिस्तूल सापडल्यास तो संघीय गुन्ह्यास पात्र होतो.

बदल होतो तो तपासणीच्या वेळेत. परवाना असता नागरिक आपली पात्रता घराबाहेर पडण्यापूर्वी सिद्ध करतो. परवाना नसता ती पोलिसाला, तीही संशय आल्यानंतर, रस्त्यावर तपासावी लागते. दुकानातून बंदूक घेताना गिऱ्हाइकाच्या पूर्ववृत्ताची संगणकीय तपासणी होते. १९९३ च्या ब्रॅडी अधिनियमानुसार तिची यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. परंतु व्यापारी नसलेल्या व्यक्तीने दुसऱ्याला बंदूक विकल्यास संघीय कायद्याने ही तपासणी आवश्यक नाही. काही राज्यांनी खाजगी विक्रीसही ती लागू केली आहे. परवानामुक्त वहन स्वीकारणाऱ्या बहुतेक राज्यांनी केलेली नाही. अशा राज्यांत वहनाचा परवाना ही खाजगीरीत्या बंदूक मिळविलेल्या व्यक्तीला आडवी येणारी जवळजवळ एकमेव चौकी होती.

पूर्वेतिहास : १७९१ मध्ये संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्रे बाळगण्याच्या व धारण करण्याच्या जनतेच्या हक्काचा उल्लेख आहे; शस्त्र उघडे असावे की लपविलेले, याचा नाही. एकोणिसाव्या शतकातील राज्यांनी या दोहोंत स्पष्ट भेद केला. कमरेला उघडपणे लटकविलेले पिस्तूल प्रामाणिक मानले जाई आणि लपविलेले शस्त्र हे मारेकऱ्याचे लक्षण समजले जाई. केंटकी व लुइझिॲना यांनी १८१३ मध्येच गुप्त शस्त्रवहनास बंदी घातली. केंटकीतील बंदी तेथील न्यायालयाने १८२२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. त्या खटल्यातील शस्त्र बंदूक नसून काठीत दडविलेली तलवार, म्हणजे आपल्याकडील गुप्तीच, होती. १८५० मध्ये केंटकीने राज्यघटना बदलून बंदीचा अधिकार विधिमंडळाला दिला. त्याच वर्षी लुइझिॲनाच्या सर्वोच्च न्यायालयाने उघडे वहन हा हक्क आहे, लपवून नेणे हा नाही, असा निर्णय दिला. आज हा नीतिविचार उलटा झाला आहे. उघडे पिस्तूल पाहून लोक बिचकतात, म्हणून लपविलेलेच सभ्य, असे अनेक राज्यांत मानले जाते. फ्लॉरिडाने २०२३ मध्ये गुप्त वहनाचा परवाना काढून टाकला, पण उघड्या वहनावरील बंदी त्या कायद्याने उठविली नाही.

व्हरमाँटचे वेगळेपण एका शहराच्या नियमातून उद्‌भवले. रटलंड शहरात महापौर किंवा पोलीसप्रमुख यांच्या लेखी अनुज्ञेशिवाय गुप्त शस्त्र बाळगता येत नसे. हा नियम राज्यघटनेतील स्वसंरक्षणार्थ शस्त्रे धारण करण्याच्या हक्काशी विसंगत असल्याचे सांगून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९०३ मध्ये रद्द केला. त्यानंतर तेथे परवाना आलाच नाही. परवानामुक्त वहनामुळे रक्तपात वाढत नाही, याचा दाखला म्हणून या विरळ वस्तीच्या लहान राज्याकडे पुढे शंभर वर्षे बोट दाखविले गेले. मोठ्या शहरांच्या राज्यांना तो कितपत लागू पडतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

इतरत्र परवान्याची पद्धत आली ती बहुधा अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकारावर आधारलेली. न्यूयॉर्कचा १९११ चा सलिव्हन अधिनियम हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. अर्जदाराला शस्त्राची खरोखरीच गरज आहे किंवा नाही, हे पोलीस अधिकारी, शेरीफ वा न्यायाधीश ठरवीत. या अधिकाराचा दुरुपयोग झाला, हे नाकारता येत नाही. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना स्थानिक मंडळाच्या परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई केली. ही अट गोऱ्यांना नव्हती. १९५६ मध्ये माँटगोमरी येथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला, तेव्हा त्यांनी गुप्त शस्त्रवहनाचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. परवाना ही निःपक्ष चाळणी नसून सत्ताधाऱ्यांच्या मर्जीची बाब आहे, हा परवानामुक्तीच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप या इतिहासामुळे निराधार ठरत नाही.

त्यावरील पहिला उपाय परवाना काढून टाकणे हा नव्हता. फ्लॉरिडाने १९८७ मध्ये केलेल्या कायद्याने, ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला परवाना देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक केले. ही पद्धत पुढील वीस-पंचवीस वर्षांत बहुसंख्य राज्यांत पसरली. टेक्ससने ती १९९५ मध्ये घेतली. मिझूरीत १९९९ च्या लोकमतात गुप्त वहनाचा प्रस्ताव थोडक्या मतांनी फेटाळला गेला, तरी २००३ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून तो कायदा केला. संपूर्ण बंदी ठेवणारे शेवटचे राज्य इलिनॉय होते; संघीय अपील न्यायालयाच्या निर्णयामुळे त्यालाही २०१३ मध्ये परवाना पद्धत आणावी लागली.

प्रसार : व्हरमाँटनंतर अलास्काने २००३ मध्ये आणि ॲरिझोनाने २०१० मध्ये परवान्याची अट काढली. अलास्काने अट काढली तरी इच्छुकांसाठी परवाना चालू ठेवला, आणि पुढील राज्यांनी हाच नमुना गिरविला. २०१५ पासून लाट आली. कॅन्झस, मेन, आयडाहो, वेस्ट व्हर्जिनिया, मिझूरी, न्यू हँपशर, नॉर्थ डकोटा यांमागोमाग २०१९ मध्ये साउथ डकोटा, ओक्लाहोमा व केंटकी. २०२१ मध्ये युटा, माँटॅना, आयोवा, टेनेसी व टेक्सस. २०२२ मध्ये अलाबामा, ओहायओ, इंडियाना व जॉर्जिया. २०२३ मध्ये नेब्रॅस्का व फ्लॉरिडा. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना व लुइझिॲना येथे असे कायदे झाले. अनेक ठिकाणी गव्हर्नर व विधिमंडळ यांत संघर्ष झाला. वेस्ट व्हर्जिनियात २०१५ चा नकाराधिकार टिकला, २०१६ चा विधिमंडळाने मोडून काढला. लुइझिॲनात २०२१ मध्ये नकाराधिकार मोडण्याचा प्रयत्न फसला. गव्हर्नर बदलल्यावर तोच विषय २०२४ मध्ये सहज मार्गी लागला.

टेक्ससचा कायदा १ सप्टेंबर २०२१ रोजी अंमलात आला. किमान २१ वर्षे वयाच्या, कायद्याने अपात्र न ठरलेल्या व्यक्तीला तो पिस्तूल नेण्याची मुभा देतो. काही किरकोळ स्वरूपाच्या पण हिंसक गुन्ह्यांत गेल्या पाच वर्षांत दोषी ठरलेल्यांना ती नाही. शस्त्र दिसत असल्यास ते चामडी वा तत्सम म्यानात असले पाहिजे. शाळा, मतदान केंद्रे, न्यायालये, तसेच ज्यांचे ५१ टक्के उत्पन्न मद्यविक्रीतून येते अशी मद्यगृहे यांत शस्त्र नेता येत नाही. खाजगी जागेच्या मालकालाही फलक लावून मनाई करता येते. वयाची अट इतर काही राज्यांत १८ वर्षे आहे. पूर्वी टेक्ससमध्ये परवान्यासाठी ४ ते ६ तासांचे वर्गशिक्षण व नेमबाजीची चाचणी आवश्यक होती. शस्त्राचा वापर कायद्याने केव्हा क्षम्य ठरतो, हे बहुतेकांना प्रथम त्या वर्गातच ऐकावयास मिळे. आता ते ऐच्छिक आहे.

ऐच्छिक परवान्याला अजूनही मागणी आहे व त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, एका राज्याचा परवाना इतर अनेक राज्ये मान्य करतात. परवान्याविना फिरणाऱ्याचा हक्क मात्र बहुधा राज्याच्या सीमेवर संपतो. दुसरे कारण अनेकांच्या ध्यानी येत नाही. संघीय कायद्याने शाळेच्या आवारापासून १,००० फूट, म्हणजे सु. ३०५ मी., अंतरात बंदूक बाळगणे हा गुन्हा आहे. १९९० चा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला होता, पण काँग्रेसने १९९६ मध्ये तो सुधारून पुन्हा केला. खाजगी जागेत असलेल्या व्यक्तींना आणि पात्रता तपासून राज्याने परवाना दिलेल्यांना त्यातून सूट आहे. परवानाच न घेतलेल्याला ही सूट मिळत नाही. गावातील रस्ते शाळांच्या जवळूनच जात असल्यामुळे, राज्याच्या दृष्टीने निर्दोष असलेला मनुष्य नकळत संघीय गुन्हेगार ठरू शकतो. असे खटले क्वचितच होतात. तरीही ही विसंगती कायम आहे.

वाद : पुरस्कर्त्यांचे मुख्य म्हणणे असे, की गुन्हेगार परवान्याची वाट पाहत नाही, शुल्क, प्रशिक्षण आणि विलंब यांचा भार पडतो तो कायदा पाळणाऱ्या गरिबावर. इलिनॉयमध्ये १६ तासांचे प्रशिक्षण व १५० डॉलर शुल्क आवश्यक आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या आणि पूर्वीच्या पतीकडून जीविताला धोका असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने ही अडचण खरी आहे. विरोधकांत पोलीस अधिकाऱ्यांची संख्या लक्षणीय होती. इंडियानाच्या राज्य पोलीस दलाच्या प्रमुखाने २०२२ मध्ये विधेयकाला जाहीर विरोध केला, तरी ते संमत झाले. थांबविलेल्या मोटारीत बसलेली शस्त्रधारी व्यक्ती पात्र आहे की नाही, हे पोलिसाला तत्क्षणी ठरविणे अवघड जाते. यातील धोका एकतर्फी नाही. मिनेसोटात २०१६ मध्ये एका परवानाधारक कृष्णवर्णीय मोटारचालकाने आपल्याजवळ शस्त्र असल्याचे स्वतःहून सांगितले आणि तो पोलिसाच्या गोळ्यांनी मरण पावला. संबंधित पोलिसाची २०१७ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. कागद जवळ असतानाही जेथे असे घडते, तेथे कागदच नसेल तर पोलीस व नागरिक या दोघांचाही संशय वाढणे स्वाभाविक आहे.

परिणामांविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ मध्ये, शस्त्रवहन सुलभ केल्याने गुन्हे घटतात, असा निष्कर्ष काढला. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००४ च्या अहवालाने, उपलब्ध पुरावा निश्चित निष्कर्षास पुरेसा नाही, असे मत दिले. जॉन डॉनह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासानुसार, बंधनकारक परवाना पद्धत आणणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के अधिक होते. हे सर्व अभ्यास प्रामुख्याने परवाना सुलभ करण्याविषयीचे आहेत. परवानाच काढून टाकणारे बहुतेक कायदे अलीकडचे असून, त्यांपैकी अनेक करोना साथीच्या काळात, खून सर्वत्रच वाढलेले असताना झाले. त्यामुळे कोणत्या कारणाचा कोणता परिणाम, हे वेगळे काढणे कठीण जाते. २०२१ मध्ये अ. सं. सं.त बंदुकीमुळे ४८,८३० मृत्यू झाले, त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या.

न्यायालयीन भूमिका : व्यक्तीला स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात सांगितले. २३ जून २०२२ रोजी ब्रूएन खटल्यात, ६ विरुद्ध ३ मतांनी, हा हक्क घराबाहेरही मान्य झाला आणि न्यूयॉर्कची ‘विशेष गरज’ दाखविण्याची अट रद्द झाली. परंतु वस्तुनिष्ठ निकषांवर, पूर्ववृत्त तपासून व प्रशिक्षण घेऊन दिला जाणारा परवाना या निर्णयाने घटनाबाह्य ठरविला नाही. म्हणजे ‘संविधानसिद्ध’ हे नाव न्यायालयाने दिलेले नसून राजकीय चळवळीने घेतलेले आहे. २०२४ च्या रहीमी खटल्यात, कौटुंबिक हिंसेमुळे न्यायालयाने मनाई हुकूम काढलेल्या व्यक्तीचे शस्त्र काढून घेणारा संघीय कायदा ८ विरुद्ध १ मतांनी वैध ठरला. ब्रूएन निर्णयानंतर न्यूयॉर्कने परवाना सोडला नाही; १६ तासांचे वर्गशिक्षण व २ तासांची प्रत्यक्ष नेमबाजी त्याने सक्तीची केली.

भारतात १८७८ च्या शस्त्र अधिनियमापासून परवाना हा नियम व मोकळीक हा अपवाद राहिला आहे. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांविषयीच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा हक्क नमूद होता. १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी असा हक्क संविधानात घालण्याची सूचना मांडली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती फेटाळली गेली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगण्यासाठीच परवाना लागतो. त्यामुळे केवळ वहनाच्या परवान्याचा अमेरिकन वाद येथे उद्‌भवत नाही.

अ. सं. सं.त राज्याराज्यांतील विषमता दूर करण्यासाठी, एका राज्यातील वहनाचा हक्क सर्व राज्यांनी मान्य करावा, असे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केले. परवानामुक्त राज्यांतील रहिवासीही त्याच्या कक्षेत येत होते. सीनेटने ते विचारार्थ घेतले नाही.