इव्हालीसचं हरवलेलं दप्तर

पडद्यावर एक इतिहासकार बोलू लागतो. नाव अरॅझलम दुराई. इव्हालीसच्या राज्यात चारशे वर्षांपूर्वी मोठी यादवी झाली आणि डेलिटा नावाचा एक सामान्य घरातला तरुण त्या यादवीतून वर येऊन राजा झाला, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. पण त्याच काळात रामझा बिओल्व नावाचा आणखी एक तरुण होता. धर्मपीठाने त्याला पाखंडी ठरवलं. त्याची खरी हकिगत ओरान दुराईने लिहून ठेवली होती. ओरानला जिवंत जाळण्यात आलं आणि त्याचे कागद कुलुपात गेले. ते ‘दुराई दप्तर’ आता बाहेर आलं आहे. चला, खरं काय घडलं ते पाहू, असं हा इतिहासकार आपल्याला सांगतो.

‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा जपानी व्हिडिओ गेम असा सुरू होतो. जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो २० जून १९९७ रोजी सोनीच्या प्लेस्टेशनसाठी बाजारात आणला. दडवलेल्या कागदांची गोष्ट सांगणाऱ्या या खेळाचे स्वतःचे कागदही पुढे हरवले. ते कसे हरवले आणि खेळ पुन्हा कसा उभा राहिला, ही हकिगत मला खेळाच्या कथेइतकीच मोलाची वाटते.

पट, पण सपाट नाही

व्हिडिओ गेम म्हटलं की बोटांची चपळाई आठवते. इथे तिचा काही उपयोग नाही. हा प्रकार स्ट्रॅटेजी रोल-प्लेइंगचा आहे. पाळीपाळीने चाल करायची, आणि मोहऱ्यांना नाव, स्वभाव, घराणं असतं. पट चौकोनी घरांचा असतो, पण त्याला टेकड्या, पायऱ्या, छपरं असतात. माणसं चपटी, हाताने रंगवलेल्या चित्रांची. भूमी मात्र त्रिमितीय, चारही बाजूंनी फिरवून पाहता येणारी.

डॉर्टर या व्यापारी शहराच्या गरीब वस्तीत होणारी सुरुवातीची एक लढाई घ्या. समोरच्या छपरावर शत्रूचा धनुर्धारी उभा आहे. उंचावरून बाण लांब जातो, म्हणून रस्त्यावरची आपली सगळी माणसं त्याच्या टप्प्यात येतात. तलवारवाल्याला वर चढायला वेळ लागतो. तोवर खाली एक जादूगार मंत्र म्हणू लागतो. मंत्र लगेच फळत नाही. तो जमिनीवरच्या घरावर टाकला असेल, तर ते घर सोडून निसटता येतं. माणसावर टाकला असेल, तर मंत्र त्याचा पाठलाग करतो, आणि तो माणूस आपल्याच गोटात येऊन उभा राहिला की शेजारचेही होरपळतात. पाठीत बसलेला घाव चुकवणं अवघड, म्हणून चाल संपल्यावर तोंड कुठे करून उभं राहायचं, हेही ठरवावं लागतं. माणूस पडला की त्याच्या डोक्यावर तीनपासून उलटी मोजणी सुरू होते. ती संपण्याआधी त्याला उठवलं नाही तर तो कायमचा गेला. मागे स्फटिक किंवा पेटी उरते.

माणसं शिपाई, वैद्य, धनुर्धारी, निन्जा, सामुराई, गायक अशा वीसेक पेशांतून फिरतात आणि एका पेशात शिकलेलं कसब दुसऱ्यात वापरतात. प्रत्येकाच्या ठायी शौर्य आणि श्रद्धा आकड्यांत मोजलेली असते. श्रद्धा जास्त असली की त्याची जादू प्रभावी होते, पण दुसऱ्याची जादूही त्याला जास्त लागते. श्रद्धा हद्दीबाहेर वाढली तर तो फौज सोडून निघून जातो. धर्मपीठाच्या कारस्थानाची कथा सांगणाऱ्या खेळात श्रद्धेला असा दुधारी आकडा देणाऱ्या माणसाने फार खोलवर विचार केला असणार.

तो माणूस यासुमी मात्सुनो. ‘क्वेस्ट’ या छोट्या कंपनीत १९९५ साली त्याने ‘टॅक्टिक्स ओगर’ हा खेळ केला. मग चित्रकार अकिहिको योशिदा आणि हिरोशी मिनागावा यांच्यासह तो स्क्वेअरमध्ये आला. निर्माता होता ‘फायनल फँटसी’चा जनक हिरोनोबू साकागुची, आणि संगीत हितोशी साकिमोतो आणि मासाहारू इवाता यांचं. कथेमागे इंग्लंडच्या ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ या यादवीची सावली आहे. राजा वारला, वारस तान्हा आहे, आणि काळा सिंह व पांढरा सिंह या बिरुदांचे दोन ड्यूक सत्तेसाठी भिडतात. त्याआधी पन्नास वर्षं चाललेलं युद्ध राज्याने हरलेलं, आणि पगार न मिळालेले सैनिक बंडखोर झालेले.

रामझा सरदाराचा मुलगा. डेलिटा त्याच वाड्यात वाढलेला, पण खालच्या घरातला. बर्फात उभ्या असलेल्या झीकडेन गढीपाशी बंडखोराने डेलिटाच्या बहिणीला, टिएट्राला, ओलीस धरलेलं असतं. रामझाचा भाऊ बाण सोडायचा हुकूम देतो. मुलगी सामान्य घरची, म्हणून तिच्यासाठी कोणी थांबत नाही. खेळणाऱ्याच्या हातात तेव्हा एकही चाल नसते, नुसतं पाहावं लागतं. तिथून दोन मित्रांच्या वाटा फुटतात. एक सत्तेच्या शिडीने वर चढतो, दुसरा खरं तेच करत राहतो आणि इतिहासातून पुसला जातो.

यंत्र बदललं, भाषा बदलली

एका यंत्रासाठी बनवलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर चालता करणं, याला पोर्ट करणं म्हणतात. शब्द छोटा आहे, काम भाड्याचं घर बदलण्यासारखं. जुन्या घरातलं कपाट नव्या भिंतीला लागेलच असं नाही. मूळ प्लेस्टेशनची मुख्य मेमरी फक्त २ एमबी होती. त्या काटकसरीत बसवलेला प्रत्येक हिशेब त्या चिपच्या चालीने लिहिलेला असतो.

पहिलं मोठं स्थलांतर २००७ साली झालं. सोनीच्या पीएसपी या हातातल्या यंत्रासाठी ‘द वॉर ऑफ द लायन्स’ ही आवृत्ती १० मे रोजी जपानमध्ये आली. यंत्राची मेमरी ३२ एमबी, पडदा रुंद. नवे अ‍ॅनिमेशनपट आले, नवे पेशे आले, दोघांनी मिळून खेळायची सोय झाली. आणि तरीही मंत्र पडताना खेळ रखडायचा, आवाजही पिचका व्हायचा. दहा वर्षांनी नव्या यंत्रावर आलेला खेळ जुन्यापेक्षा हळू चालावा, यातच पोर्टची अवघड बाजू दिसते. ताकद वाढली म्हणून जुना हिशेब आपोआप जुळत नाही.

त्या आवृत्तीची मोठी कमाई होती ती भाषांतर. १९९८ साली अमेरिकेत गेलेलं इंग्रजी इतकं ओबडधोबड होतं की खेळ शिकवणाऱ्या गुरुजींचे धडे वाचून काहीच उमगत नसे. जोसेफ रीडर आणि टॉम स्लॅटरी यांनी सगळं नव्याने केलं. आपल्याकडे ऐतिहासिक नाटकात दरबारी बोलणं जसं वेगळं लागतं, तसं त्यांनी जुन्या वळणाचं, डौलदार इंग्रजी योजलं. सरदार सरदारासारखे बोलू लागले आणि कथेतलं राजकारण इंग्रजी वाचकाला प्रथमच नीट कळलं. २०११ साली हीच आवृत्ती आयफोनवर आली.

दळलेलं पीठ

३० सप्टेंबर २०२५ रोजी ‘द इव्हालीस क्रॉनिकल्स’ या नावाने खेळ पुन्हा आला. या वेळी प्लेस्टेशन ४ आणि ५, स्विच आणि स्विच २, एक्सबॉक्स सिरीज आणि विंडोज, इतक्या सगळ्यांवर. दिग्दर्शक काझुतोयो माएहिरो १९९७च्या मूळ चमूत तरुण कर्मचारी म्हणून होते. काम सुरू करताना कळलं की मूळ सोर्स कोड शिल्लक नाही.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमरने माणसाला वाचता येईल असा लिहिलेला मजकूर. डिस्कवर असतो तो त्याचा यंत्राला कळणारा अवतार. एक दाणे, दुसरं पीठ. पीठ चाखून गहू कसा होता याचा अंदाज येतो, पण पिठाचे दाणे परत होत नाहीत. त्या काळी परभाषेची आवृत्ती करताना जुन्याच फायलींवर नवं काम चढवलं जाई. खेळ विकला गेला की चमू पुढच्या कामाला लागे. जपून ठेवायची सवयच रुजलेली नव्हती. याच कंपनीच्या २००२ सालच्या ‘किंगडम हार्ट्स’ची नवी आवृत्ती करतानाही मूळ सामग्री हरवल्याचं उघड झालं होतं.

मग या चमूने इतिहासकाराची वाट धरली. मूळ खेळ पुन्हा पुन्हा खेळला, नंतरच्या आवृत्त्या उकलून पाहिल्या, कुठला घाव किती लागतो, कुठला मंत्र किती वेळ घेतो हे ताडून नव्याने लिहिलं. चाहत्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले तक्ते आणि आकडेही त्यात उपयोगी पडले. ज्यांनी हौसेपोटी आपल्या आवडत्या खेळाचा एकेक आकडा टिपून ठेवला, तेच या कथेतले ओरान दुराई.

या पॅकेजमध्ये दोन आवृत्त्या आहेत. सुधारित आवृत्तीत सगळे संवाद आवाजासह आहेत, मात्सुनोने संहितेवर पुन्हा हात फिरवला आहे, आपोआप सेव्ह होतं, अवघडपणाच्या तीन पातळ्या आहेत. दुसरी, ‘क्लासिक’, १९९७चा खेळ जसाच्या तसा समोर ठेवण्याच्या प्रयत्नातून झालेली, सोबत इंग्रजी मात्र २००७चं. पीएसपीवेळी घातलेले पेशे आणि पात्रं दोन्हींत नाहीत, कारण चमूला मूळ खेळाशी इमान राखायचं होतं. पीएसपीच्या आवृत्तीवर जीव असलेल्यांना ते खटकलं. मला त्यांचं दुःख कळतं, पण आधी मूळ पाठ सिद्ध करावा आणि मग भर घालावी, हा क्रम मला पटतो.

हे फक्त एका खेळापुरतं नाही. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली केलेल्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज दुकानात रीतसर मिळत नाहीत. नाटकाची संहिता, चित्रपटाचं रीळ, गाण्याची तबकडी यांची आपल्याला काळजी वाटते. एका पिढीने ज्या गोष्टींत संध्याकाळच्या संध्याकाळी घालवल्या, मैत्री आणि विश्वासघात यांचा पहिला धडा गिरवला, त्या गोष्टींनाही तेवढीच काळजी हवी.

ओरानचे कागद चारशे वर्षं टिकले, आणि तेही त्याचा जीव घेणाऱ्यांच्याच कुलुपात. खेळाचा कोड अठ्ठावीस वर्षंही टिकला नाही. तरी खेळ उरला, कारण कुणाच्या तरी कपाटात डिस्क होती आणि कुणाच्या तरी वहीत आकडे होते. मी दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ उघडल्या आणि डॉर्टरच्या वस्तीपर्यंत गेलो. एकीकडे चित्रं तुकतुकीत, दुसरीकडे मोठमोठ्या ठिपक्यांची. छपरावरचा धनुर्धारी दोन्हीकडे आपल्या जागी उभा होता.