पाकिटामागचा दुसरा तक्ता

ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बाजारातल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' ही अक्षरे वापरायला मनाई केली. त्यावर साहजिक प्रश्न येतो: पाणी, साखर, मीठ त्यातही असतेच, मग एवढे काय बिघडले?

याचे उत्तर औषधाच्या दुकानातल्या खऱ्या ओआरएसच्या पाकिटामागे छापलेले असते. तिथे बहुधा दोन तक्ते असतात. पहिला ग्रॅमचा: लिटरभर पाण्यासाठी ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, पोटॅशियम क्लोराइड 1.5, सोडियम सायट्रेट 2.9. दुसरा मिलिमोलचा: ग्लुकोज 75, सोडियम 75, क्लोराइड 65, पोटॅशियम 20, सायट्रेट 10. पहिल्या तक्त्यात ग्लुकोज मिठाच्या पाचपट दिसते, दुसऱ्यात ग्लुकोज आणि सोडियम अगदी बरोबरीने उभे असतात. खरे दोन्ही आहेत, पण आतड्याला दुसराच तक्ता कळतो. एसटीचा कंडक्टर प्रवाशांचे वजन करत नाही, माणसे मोजतो. आतड्याच्या पेशींवरचे वाहक प्रथिनही तसेच कण मोजते. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर ते सोडियमचे दोन आयन आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी येते. कॉलऱ्यात आतडे इतके पाणी बाहेर टाकत असतानाही ही वाट उघडी राहते, आणि ओआरएसची सगळी करामत त्या वाटेवर आहे.

एका तक्त्यावरून दुसऱ्यावर जायला फक्त भागाकार लागतो. ग्लुकोजचा रेणुभार 180, 13.5 भागिले 180 म्हणजे 0.075 मोल, अर्थात 75 मिलिमोल. मीठ 2.6 भागिले 58.5, म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस. मग सोडियमचे उरलेले तीस कुठून आले? सायट्रेटमधून. त्याचा रेणुभार 294, म्हणून 2.9 ग्रॅममध्ये जेमतेम दहा मिलिमोल. पण त्याच्या प्रत्येक रेणूत सोडियम तीन! हा हिशेब जुळताना पाहण्यात मला आजही आनंद होतो.

1975 च्या जुन्या सूत्रात ग्लुकोज 20 ग्रॅम, म्हणजे 111 मिलिमोल होते आणि सगळे कण मिळून बेरीज 311 होती. रक्तद्रवात ती 290 च्या आसपास असते. म्हणजे द्रावण रक्तापेक्षा थोडे दाट होते. 2002 मध्ये ते पातळ करून 245 वर आणले गेले.

आता लिटरला शंभर ग्रॅम साखर असलेले पेय घ्या. साखरेचा रेणुभार 342, म्हणजे 292 मिलिमोल. नुसती साखरच रक्ताच्या बरोबरीला आली. त्यातच आतड्यात साखरेच्या प्रत्येक रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन रेणू होतात, आणि आकडा 584 वर जातो. वजनात फारसा फरक पडला नाही, संख्या मात्र दुप्पट झाली. असे दाट द्रावण शरीरातले पाणी आतड्यात ओढते. जुलाब झालेल्या मुलाला ते पाजणे म्हणजे जुलाब वाढवणे. नावावरची मनाई म्हणूनच रास्त आहे.

घरगुती साखर-मीठ पाण्यात लिटरला सहा सपाट चमचे साखर, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, का सांगतात तेही यातून उलगडते. 25 भागिले 342 म्हणजे 73 मिलिमोल साखर, आणि तिच्यातून तेवढेच ग्लुकोज!

ओआरएसच्या इतिहासात 1971 चे बनगाव आणि डॉ. दिलीप महालनबीस यांचे नाव आता येते, आणि ते यायलाच हवे. निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आले तेव्हा त्यांनी हे पाणी तोंडाने पाजण्याचा धाडसी निर्णय घेतला. पण त्यांच्या अठरा वर्षे आधी, 1953 मध्ये, कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचे पाणी दिल्याचा अनुभव लिहिला होता. त्यांचे प्रमाण लिटरला 4 ग्रॅम मीठ आणि 25 ग्रॅम ग्लुकोज. जुलाब थांबवायला त्यांनी पानओव्याचा रसही वापरला. भागाकार करून पाहा: सोडियम 68, ग्लुकोज 139. सोडियम आजच्या आकड्याच्या किती जवळ! सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी प्रागमध्ये मांडली ती 1960 मध्ये. चटर्जींच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, किती पाणी गेले आणि किती आले याची काटेकोर मोजणी नव्हती. त्यावर घेतले गेलेले हे आक्षेप योग्यच होते. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी कोणी तोच प्रयोग नीट करून पाहायला हवा होता. मधली वर्षे वाया गेली आणि त्या काळात माणसे मरत राहिली, याची चुटपुट मला वाटते.

शेवटी घरातली गोष्ट. लिटरचे अख्खे पाकीट 200 मिलिलिटरच्या पेल्यात ढवळले, तर सोडियम 75 चे 375 होते आणि एकूण कण 1225. तान्ह्या बाळाच्या रक्तातले सोडियम त्याने धोकादायक वाढू शकते. पेल्यापुरती छोटी पाकिटेही मिळतात. पाकीट फोडण्यापूर्वी ते किती पाण्याचे आहे ते वाचा आणि पाणी मोजून घ्या.