कंसातील नाव : शोधाचे श्रेय कोणाचे?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव शोधनिबंधांत ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (साउंडर्स)’ असे लिहिले जाते. शेवटचा कंस बहुधा नजरेतून निसटतो. त्यात विल्यम विल्सन साउंडर्स या इंग्रज कीटक-अभ्यासकाचे नाव आहे. भडोच येथील सरकारी कापूस लागवडीच्या अधीक्षकांकडून आलेल्या नमुन्यांवरून त्यांनी या किडीचे वर्णन प्रसिद्ध केले. नावापुढे १८४४ हे वर्ष लावले जाते. भडोचच्या शेतात कीड वेचणारे हात मात्र या नावात कोठेही नाहीत.

हे नियमाला धरूनच आहे. प्राणिशास्त्रीय नामकरणात जातीचे लेखकत्व ती प्रथम पाहणाऱ्याला मिळत नाही. नाव व वर्णन नियमानुसार प्रथम प्रसिद्ध करणाऱ्याला मिळते. मूळ वर्णनापर्यंत वाचकाला पोहोचता यावे, हा त्यामागील मुख्य उपयोग. कंसालाही अर्थ आहे. साउंडर्स यांनी ही जाती ‘डिप्रेसारिया’ या प्रजातीत ठेवली होती. पुढे १९१७ मध्ये ऑगस्ट बस्क यांनी ‘पेक्टिनोफोरा’ ही प्रजाती स्थापन केली. अशी प्रजाती बदलली की मूळ लेखकाचे नाव कंसात जाते. बदल करणाऱ्याचे नाव सहसा लिहीत नाहीत. वनस्पतिशास्त्रात मात्र तेही लिहितात. तुरीच्या ‘कजानस कजान (एल.) मिल्स्प.’ या नावात कंसातील ‘एल.’ म्हणजे लिनियस आणि कंसाबाहेरील संक्षेप म्हणजे तिला सध्याच्या प्रजातीत आणणारे मिल्सपॉ.

शाखा तशी रीत

शोधनिबंधांतील लेखकांच्या क्रमाबाबतही असाच फरक आढळतो. जीवशास्त्र व कृषिशास्त्रात प्रत्यक्ष काम सर्वाधिक करणाऱ्याचे नाव सामान्यतः प्रथम येते आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे बहुधा शेवटी. गणितात आणि अर्थशास्त्रात मोठ्या प्रमाणावर वर्णानुक्रम पाळला जातो. तेथे पहिल्या स्थानाला विशेष मान नसतो. कणभौतिकीत तर हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते. त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखक व त्यांच्या संस्थांच्या यादीने व्यापली होती. म्हणूनच एका शाखेच्या फूटपट्टीने दुसरीचे श्रेय मोजणे योग्य ठरत नाही.

एक नाव, अनेक माणसे

‘एस. पाटील’ या नावाने किती संशोधक लिहीत असतील, याची कल्पनाच केलेली बरी. महाराष्ट्रात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते, दक्षिणेत आद्याक्षरे पुढे येतात, विवाहानंतर अनेक महिलांचे आडनाव बदलते. परिणामी एकाच व्यक्तीचे काम दोन नावांत विभागले जाते किंवा दोघांचे काम एकाच्या नावावर जमा होते. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ‘ऑर्किड’ ही ओळखक्रमांकाची सेवा सुरू झाली. नाव, गाव वा नोकरी बदलली तरी तिचा १६ अंकी क्रमांक बदलत नाही. संशोधकाला तो विनामूल्य मिळतो. कोणी काय केले हे सांगण्यासाठी ‘क्रेडिट’ ही १४ भूमिकांची पद्धत अनेक नियतकालिकांनी स्वीकारली आहे. संकल्पना, प्रत्यक्ष निरीक्षण, माहितीची निगा, विश्लेषण, लेखन अशा भूमिका त्यात स्वतंत्रपणे नोंदविल्या जातात.

बांधावरची नोंद

तरीही कामगंध सापळ्यातील पतंग दर आठवड्याला मोजणारा कृषी सहायक किंवा प्रयोगासाठी शेत देणारा शेतकरी या साखळीत कोठे बसतो, हा प्रश्न उरतोच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष इतर शाखांतही वापरले जातात. त्यांनुसार केवळ माहिती गोळा करणे लेखकत्वास पुरेसे नाही. लेखनात सहभाग, अंतिम मसुद्यास संमती आणि मजकुराची जबाबदारीही आवश्यक असते. मात्र माहिती मिळविण्यात भरीव वाटा असणाऱ्यास पुढील टप्प्यांत सहभागी होण्याची संधी द्यावी, असेही हे निकष सांगतात. संधी न देता नाव वगळणे त्यांत बसत नाही. लेखकत्वाइतका वाटा नसेल तेथे ऋणनिर्देशात उल्लेख व्हावा.

वाणांच्या बाबतीत शेतकऱ्याला कायद्याचा आधार आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेल्या भाताला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे, ‘एचएमटी’ हे नाव मिळाले. वाण दूरवर पोहोचला, पण त्याच्या नावात निवड करणाऱ्याची खूण नव्हती. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने वाण विकसित करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क दिला आहे.

श्रेयाचा प्रश्न निबंध छापून आल्यावर सुटत नाही. तो प्रयोगाच्या आखणीवेळीच लेखी ठरवावा. निरीक्षणवहीत दिनांक, गाव, गट क्रमांक, पीक, वाण आणि निरीक्षकाचे पूर्ण नाव लिहावे. छायाचित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव द्यावे. वहीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. अनोळखी कीड पाहिल्यास नमुन्यासोबत हीच माहिती जोडून पाठवावी. संग्रहातील कीटकाखालच्या चिठ्ठीवर स्थळ व दिनांकासह ‘संकलक’ ही नोंद असते. जातीच्या नावात जागा नसली, तरी या चिठ्ठीवर आहे. ती रिकामी राहू देऊ नये.